तुम्ही विचारलंत म्हणून: खरा बॅटमॅन कुठला?

हा प्रश्न मला आठवड्यातनं एकदा तरी येतोच. भाचा विचारतो, त्याचे कॉलेजचे मित्र विचारतात, प्रेसमधली नवीन पोरं विचारतात, आणि परवा तर सोसायटीतल्या एका ताईंनी त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला थेट माझ्याकडेच पाठवलं, जा त्या काकांना विचार म्हणून. प्रश्न दर वेळी शब्द बदलून येतो पण असतो एकच. कॉमिकमध्ये एक असतं, कार्टूनमध्ये दुसरं, सिनेमात तिसरंच, मग यातलं खरं कुठलं? आणि तुम्ही इतकी वर्षं कॉमिक्स वाचताय तर सिनेमावाल्यांची नि कार्टूनवाल्यांची बाजू कशी काय घेता? मी दर वेळी अर्धं उत्तर देतो आणि मग कोणीतरी मध्येच तोंड घालतं नि विषय भलतीकडेच जातो. म्हणून एकदाचं नीट बसून लिहितोय.

मी नाशकात अंबडला एका ऑफसेट प्रेसमध्ये प्री-प्रेसला आहे, बावीस वर्षं झाली. म्हणजे फाइल आली की ती तपासायची, चार रंगांच्या प्लेटा काढायच्या, पहिला कागद मशीनवरनं उतरला की भिंग लावून बघायचं. लग्नपत्रिकेपासून औषधाच्या खोक्यांपर्यंत सगळं आमच्याकडे छापतात. कॉमिक आम्ही कधी छापलं नाही पण मी ती वाचतो तीसेक वर्षं, आणि वाचताना भिंग लावूनच वाचतो, सवयच लागलीय.

तर गेल्या महिन्यात रविवारी सकाळी आम्ही सगळे मखमलाबाद रोडला मिसळ खायला गेलेलो. भाचा, त्याचे तीन मित्र, माझा प्रेसमधला दोस्त आणि मी. ऑर्डर द्यायच्या आत सुरू झालं. भाच्याचं म्हणणं की नवे सिनेमे मूळ कॉमिकशी बेइमानी करतात, त्याला राग यायचं कारण खरं आहे, त्याला जे पान पाठ आहे ते पडद्यावर दिसलंच नाही. दुसरा पोरगा म्हणाला की मूळ बिळ काही नसतं, सिनेमा सिनेमा म्हणून बघायचा, आवडला तर आवडला. तिसरा एकदम गंभीर होऊन म्हणाला, मामा, मी वाचलंय की बॅटमॅन पूर्ण चोरलेला आहे, मग चोरलेल्या मालात खरं-खोटं काय करत बसलाय तुम्ही? पापड आला, रस्सा आला, तरी कोणी हात लावेना. मला फार बरं वाटलं ते बघून. एखाद्या गोष्टीवर इतकं जीव तोडून बोलणारी पोरं समोर बसलीत यापरतं काय पाहिजे.

माझं उत्तर असं. खरा असा एक बॅटमॅन नाहीये, पहिल्या दिवसापासनं नव्हता. घेणं, बदलणं, पुढं देणं यावरच तो उभा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखं दुसरं आहे, ज्याच्याकडनं घेतलं किंवा ज्यानं काम केलं त्याचं नाव दाबून टाकणं. भांडायचंच असेल तर त्यावर भांडा.

आता चोरीवाल्या मुलाचं आधी घेतो कारण त्याची माहिती चूक नाही. बॅटमॅनची पहिली गोष्ट आली डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७व्या अंकात, १९३९ साली. कारखानदारांचे खून होतायत, रसायनांच्या कंपनीची भानगड, अशी सहा पानांची गोष्ट. आणि तीन वर्षं आधी, १९३६ला, द शॅडो नावाच्या नायकाची एक पल्प कादंबरी, म्हणजे स्वस्त कागदावरच्या मासिकातली, आली होती, थिओडोर टिन्स्ले नावाच्या लेखकाची, तिचं कथानक नि या सहा पानांचं कथानक शेजारी शेजारी ठेवलं तर सांगायलाच नको. लिहिणाऱ्या बिल फिंगरनं पुढं स्वतः कबूल केलं की पहिली स्क्रिप्ट शॅडोच्या गोष्टीवरनं घेतलेली. ते झालं कथानक. दिवसा श्रीमंत आळशी माणूस नि रात्री मुखवटा, हे झोरोकडनं, १९२०चा डग्लस फेअरबँक्सचा मूकपट. वटवाघळाच्या पंखांची कल्पना चित्रकार बॉब केनला लिओनार्दो दा विंचीच्या उडत्या यंत्राच्या चित्रावरनं. बॅटमॅनचा दुश्मन जोकर, त्याचा चेहरा तर सरळ फोटोवरनं, कॉनराड फाइट हा जर्मन नट १९२८च्या एका मूकपटात कायम हसरं तोंड कोरलेल्या माणसाचं काम करतो, तो सिनेमा व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरनं काढलेला. म्हणजे कादंबरीवरनं सिनेमा, सिनेमावरनं कॉमिक, कॉमिकवरनं परत सिनेमा, आणि तिथनं आपल्या कॉलेज रोडला पोरांच्या टी-शर्टवर.

बॅटमॅनच्या शहराचं गॉथम हे नाव फिंगरला टेलिफोन डिरेक्टरीत एका सोनाराच्या दुकानाचं नाव दिसलं तिथनं सुचलं. मला ही गोष्ट फार आवडते, का ते नाही सांगता येत. आपल्याकडे सराफ बाजारातनं जाताना मी अजून पाट्या वाचत जातो.

पण हे सगळं सांगून झाल्यावर त्या मुलाला मी विचारलं, हे सगळे तुकडे तर त्या काळी हजारो लोकांसमोर पडलेले होते, शॅडो सगळ्यांनी वाचलेला, झोरो सगळ्यांनी पाहिलेला, मग बॅटमॅन बाकीच्यांना का नाही जमला? केननं पहिलं जे चित्र काढलं त्यात लाल अंगरखा होता, डोळ्यांवर छोटा मुखवटा आणि पाठीला ताठ पंख. फिंगरनं सांगितलं की पंख काढ, खालनं कातरलेला झगा दे, तोंडावर कान असलेला बुरखा चढव, डोळ्यांत बुबुळं ठेवू नकोस, रंग काळा-करडा कर. ती बुबुळं नसलेली नजर आपल्या वेताळाकडनं आली असं म्हणतात, तो १९३६चा, ली फॉकचा. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधनं तो मराठीत आला नि मराठीत त्याचं नाव वेताळ झालं. मूळ इंग्रजीत त्याला फँटम म्हणतात, म्हणजे भूत. पण मराठीत करताना आपल्या गावाच्या वेशीवरचा शेंदूर लावलेला वेताळ त्याला मिळाला, आणि आम्हा पोरांना तो लगेच आपला वाटला. लहानपणी मी खरंच समजायचो की तो आपल्याच इकडच्या कुठल्यातरी जंगलातला आहे, हरसूल-पेठकडचा. नुसतं नाव बदललं तर एवढं होतं.

आणि नाशिकच्या माणसाला हे मी समजावून सांगायचं म्हणजे कमाल आहे. आपण पंचवटीत वाढलेली माणसं, शूर्पणखेचं नाक इथं कापलं म्हणून गावाला नाशिक म्हणतात असं सांगत मोठी झालेली. माझी आजी मला सीता गुंफेत घेऊन जायची, आत वाकून वाकून जावं लागतं, बाहेर आलं की लक्ष्मणरेषेची गोष्ट सांगायची, रेघ कशी ओढली, रावण कसा थबकला, सीतामाईनं पाऊल कसं बाहेर टाकलं. माझ्यासाठी रामायणातला सगळ्यात भारी प्रसंग तोच. खूप पुढं एका कीर्तनकार बुवांकडनं कळलं की वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती रेघ नाहीच. नंतर कोणीतरी ओढलीय, सांगता सांगता. मला त्या रात्री झोप नाही लागली. बुवांना दुसऱ्या दिवशी गाठून विचारलं की मग आजी खोटं सांगत होती का, तर ते म्हणाले, तुझी आजी पुढची सांगणारी होती. बस, एवढंच म्हणाले आणि चहा सांगितला माझ्यासाठी. मी कॉमिक्सवर जे काही बोलतो ना, त्याचा उगम तिथं आहे.

नाथांचं बघा. भावार्थ रामायण लिहायला घेतलं, युद्धकांडाच्या मध्यावर देह ठेवला, राहिलेलं गावबानं पुरं केलं. आपल्या लोकांनी नाथांचा ग्रंथ म्हणून तो डोक्यावर घेतलाच पण गावबाचं नावही आजपर्यंत सांगतात, कुठपर्यंत नाथांचं नि कुठनं पुढं गावबाचं हेसुद्धा सांगतात. दुसऱ्यानं हात लावला म्हणून ग्रंथ बाटला नाही आणि ज्यानं हात लावला तो गायब पण झाला नाही. दोन्ही गोष्टी एका वेळी जमतात.

दादासाहेब फाळक्यांचं तर आपल्या पोरांना पाठ पाहिजे, जन्म त्र्यंबकेश्वरचा, गेले ते नाशकात. मुंबईत येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा बघताना त्यांना डोळ्यांसमोर कृष्ण नि राम दिसायला लागले, आणि १९१३ला राजा हरिश्चंद्र आला. त्याच्या आधी ते राजा रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेले, शिळाछाप, रंगांचे ब्लॉक, म्हणजे आमच्याच धंद्यातले. त्यांनी काड्यापेटीच्या काड्या एक एक करून हलवून फिल्म पण केलेली, तेव्हा कार्टून म्हणजे पोरांचा खेळ म्हणणाऱ्यांनी पांडवलेणीच्या पायथ्याशी जाऊन स्मारक बघून यावं. एवढा माणूस दुसऱ्याचा सिनेमा बघून पेटला, त्याला चोर म्हणणार का आपण?

आता भाच्याच्या मुद्द्यावर येतो, मूळ कॉमिकशी इमान. त्याला मी म्हटलं, तुझ्या त्या मूळ कॉमिकमध्ये सुपरमॅन उडत नव्हता. १९३८ला आला तेव्हा उंच उड्या मारायचा, एका उडीत दोनशे मीटर वगैरे. मग १९४१ला फ्लायशर स्टुडिओनं त्याची कार्टून काढली, त्यात ती उडी विचित्र दिसायला लागली, माणूस टोळासारखा टुणटुण करतोय असं, म्हणून त्यांनी त्याला सरळ उडवला. ज्या हिरव्या दगडानं त्याची ताकद जाते तो क्रिप्टोनाइट १९४३ला रेडिओवरच्या मालिकेत आला, कॉमिकमध्ये तो पोचायला १९४९ उजाडलं. म्हणजे तू ज्याला मूळ म्हणतोस त्यातलं अर्धं कार्टूननं नि रेडिओनं दिलेलं आहे.

आणि मिस्टर फ्रीझ, बॅटमॅनचा एक व्हिलन. यावर मी तासभर बोलू शकतो, थोडक्यात बसवतो. १९५९ला तो कॉमिकमध्ये आला तेव्हा त्याचं नाव मिस्टर झिरो होतं, बर्फाची बंदूक घेऊन हिरे लुटणारा एक सटरफटर व्हिलन. १९६६च्या टीव्ही मालिकेनं त्याला फ्रीझ नाव दिलं. पण तो कोण, असा का झाला, याची कोणाला काही पडलेली नव्हती. १९९२ला बॅटमॅनची अॅनिमेटेड मालिका सुरू झाली, ब्रूस टिम नि एरिक रॅडोम्स्की यांची, आणि त्यात पॉल डिनीनं एक भाग लिहिला, हार्ट ऑफ आइस. त्यात फ्रीझला बायको आहे, नोरा. असाध्य आजार झालेला, म्हणून त्यानं तिला गोठवून ठेवलंय, इलाज सापडेपर्यंत. कंपनीचा साहेब येतो, मशीन बंद करा म्हणतो, खर्च परवडत नाही. झटापट होते आणि सगळं जातं. त्या भागात फ्रीझचा आवाज मुद्दाम कोरडा ठेवलाय, रडत नाही, ओरडत नाही, आणि शेवटी तुरुंगाच्या कोठडीत तो एका छोट्या काचेच्या गोळ्यातल्या नाचणाऱ्या बाहुलीशी बोलतो, माफी मागतो तिची. बावीस मिनिटं फक्त. मी तो पहिल्यांदा सीडीवर पाहिला, आमच्या सिडकोच्या जुन्या खोलीत, लाइट गेले नाहीत एवढं नशीब. डिनीला त्या लेखनाचा एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला आणि पुढं कॉमिकवाल्यांनी ती कहाणी उचलून आपल्या मूळ कहाणीत घातली. तेहतीस वर्षांचा सटरफटर व्हिलन एका कार्टूनच्या भागानं माणूस झाला.

जोकरची साथीदार हार्ली क्विनपण त्याच कार्टूनची. भाच्याच्या खोलीत तिचं पोस्टर आहे आणि तो मला मूळ कॉमिकचं इमान शिकवत होता! ती १९९२ला जोकरच्या एका भागात छोट्याशा कामासाठी आली, डिनीला ती सुचली त्याच्या कॉलेजच्या मैत्रिणीवरनं, आर्लीन सॉर्किन, ती एका डेली सोपमध्ये स्वप्नाच्या सीनला विदूषकाच्या कपड्यात आली होती. मग आवाजही त्यांनी तिचाच घेतला. लोकांना आवडली म्हणून कॉमिकमध्ये गेली, आधी कार्टूनवरच्या कॉमिकमध्ये, मग १९९९ला मुख्य कॉमिकच्या विश्वात. भाचा गप्प झाला, पण गप्प करायला नव्हतं सांगितलं मी. त्याला मला हे दाखवायचं होतं की तो ज्याच्यावर एवढं प्रेम करतो ते त्याला वाटतं त्याहून जास्त हातांनी बनवलंय.

त्या मालिकेची एक गोष्ट प्रेसवाला म्हणून सांगतो. कार्टूनचं बॅकग्राउंड एरवी पांढऱ्या कागदावर रंगवतात, अंधार पाहिजे तिथं काळं भरत जातात. रॅडोम्स्कीनं काळाच कागद घेतला आणि त्यावर उजेड तेवढा रंगवला. खिडकी, दिव्याचा गोल, इमारतीची कडा, बास. बाकी सगळं कागदाचंच काळं. मी हे वाचल्यावर तो भाग परत लावला नि बघतच राहिलो. आमच्याकडे काळा पूर्ण भरायचा असेल तर किती कटकट, नुसती काळी शाई मारली तर भुरकट दिसतं, खाली निळ्याचा हात द्यावा लागतो, तेव्हा कुठं तो काळा खोल दिसतो. आणि या माणसानं सुरुवातच अंधारापासनं केली. फ्लायशरच्या सुपरमॅन कार्टूनचा प्रभाव आहे असं मालिकावाले स्वतः सांगतात, सावल्या बघितल्या की कळतंच.

आणि २०१८चा स्पायडरमॅनचा अॅनिमेटेड सिनेमा, इनटू द स्पायडर-व्हर्स. भाच्याला घेऊन गेलो होतो, तेव्हा तो शाळेत होता. सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील तर मागच्या रांगेतनं कोणीतरी म्हणालं, अरे हा थ्रीडी आहे का, चष्मे नाही दिले आपल्याला. कारण लांबच्या गोष्टी पुसट न दिसता दुहेरी दिसत होत्या, लाल एकीकडे सरकलेला, निळा दुसरीकडे. मी खुर्चीत सरळ बसलो. रजिस्टर हललंय! आमच्याकडे चार प्लेटा एकावर एक बरोब्बर बसल्या नाहीत की असंच होतं, ओठांचा लाल ओठाबाहेर जातो, असा माल पार्टी परत पाठवते, मशीनमनला बोलणी बसतात. जुन्या स्वस्त कॉमिक्समध्ये हे प्रत्येक पानावर असायचं. घरी इंद्रजालचा जुना अंक आहे, त्यात भिंग लावलं की वेताळाच्या गालावर लाल ठिपक्यांची रांगोळी दिसते आणि पिवळा कडेला केसभर बाहेर आलेला. आमच्या धंद्यातली चूक त्या लोकांनी प्रेमानं उचलून करोडोंच्या सिनेमात घातली, कारण त्यांच्यासाठी कॉमिक वाचणं म्हणजे ते ठिपके आणि तो हललेला रंग होता. त्यांनी गोष्टीत कितीतरी बदल केलेत, नायकच दुसरा आहे, माइल्स मोरालेस. पण कॉमिक हातात धरल्यावर काय वाटतं ते त्यांनी सोडलं नाही. माझ्या हिशेबी इमान म्हणतात ते हे.

त्यातलं अजून एक, माइल्सला सुरुवातीला सेकंदाला बारा चित्रांवर हलवलंय आणि त्याच फ्रेममध्ये अनुभवी पीटर, म्हणजे जुना स्पायडरमॅन, चोवीस चित्रांवर हलतो. जंगलात दोघं झाडांमधनं झुलतात तिथं बघा, पोरगं अडखळतंय हे सांगायला एक शब्द वापरलेला नाही. असं कॉमिकमध्ये करताच येणार नाही. पुढचा भाग २०२३ला आपल्याकडे मराठीतसुद्धा आला आणि त्यात पवित्र प्रभाकर नावाचा आपल्याकडचा स्पायडरमॅन आहे, तोपण २००४च्या एका भारतीय कॉमिकमधनं आलेला.

आता अण्णांबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर हे सगळं मला का लागतं ते कळणार नाही.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, टॉकीजचे बॅनर रंगवायचे. जुन्या नाशकात भद्रकालीकडे एका वाड्याच्या मागच्या बाजूला वर्कशॉप होतं, मालक दुसरे होते, अण्णा पगारी. मुंबईहून हातभर फोटो यायचे, त्यावर अण्णा पेन्सिलीनं चौकटी आखायचे, बारीक, अर्ध्या अर्ध्या इंचाच्या. मग वीस फुटी कापडावर तेवढ्याच चौकटी मोठ्या करून. त्या आखायला दोरा गेरूच्या पुडीत घोळवायचा, एक टोक अण्णांकडे, दुसरं माझ्याकडे, ताणून धरायचा आणि अण्णा मध्ये चिमटीत धरून सोडायचे, टण्ण करून आवाज यायचा नि कापडावर सरळ लाल रेघ. शाळा सुटली की मी तिथंच. मग एका चौकटीतलं नाक त्या चौकटीत, डोळा या चौकटीत, असं करत तो सहा इंचाचा हिरो घराएवढा व्हायचा.

एकदा मी फोटो हातात धरून बसलो होतो आणि अण्णा हिरोच्या एका गालावर चक्क हिरवा लावत होते, दुसऱ्या गालावर शेंदरी. मी म्हटलं, अण्णा, फोटोत हिरवा कुठाय? ते शिडीवरनं न उतरता म्हणाले, फोटो हातात धरून बघतात, हे सायकलवरनं बघतात. मी खाली रस्त्यावर गेलो, पलीकडच्या फुटपाथवरनं वळून बघितलं, आणि तो हिरवा दिसतच नव्हता, गालाला उंचवटा आलेला, माणूस जिवंत वाटत होता. सिनेमावाल्यांनी कॉमिकमधला पिवळा-निळा चुस्त पोशाख का बदलला म्हणून पोरं चिडतात तेव्हा मला तो हिरवा गाल आठवतो. कधी सिनेमावाले चुकतातच, नुसतं भडक करून ठेवतात, तेव्हा मीपण चिडतो. पण माझा पहिला प्रश्न हा असतो की हे कुठनं बघायला केलंय, किती अंतरावरनं, आणि तिथनं बघितल्यावर माणूस जिवंत वाटतो का. कॉमिकमध्ये नाही म्हणून वाईट, हे कारण मला पुरत नाही.

बॅनर पुरा झाला की मालक यायचे, कोपऱ्यात वर्कशॉपचं नाव टाकायचे, त्यांच्या हातानं, झोकदार. अण्णांचं नाव एकाही बॅनरवर कधी आलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. पिक्चर उतरला की त्याच कापडावर पांढरा मारून दुसरा पिक्चर, त्यामुळे ते बॅनरही शिल्लक नाहीत. फोटो काढावा हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली.

म्हणून बिल फिंगरचं कळलं तेव्हा मला ते अमेरिकेतलं वाटलं नाही. बुरखा त्यानं सुचवला, झगा त्यानं, रंग त्यानं, गॉथम हे नाव त्याचं, पहिली गोष्ट त्याची, रॉबिन, जोकर या सगळ्यात त्याचा हात, आणि कागदावर मात्र पंच्याहत्तर वर्षं एकच नाव, बॉब केन. केननं प्रकाशकाशी करार करताना फक्त स्वतःचं नाव लावून घेतलं होतं. फिंगर १९७४ला वारला. केननं १९८९ला आपल्या आत्मचरित्रात लिहिलं की बिलला मान मिळायला हवा होता, पण तेव्हा तो ऐकायला नव्हता. मार्क टायलर नोबलमन नावाच्या लेखकानं वर्षानुवर्षं खणून त्याच्यावर पुस्तक केलं, नात अथीना पुढं आली, आणि २०१५पासनं बॅटमॅनच्या श्रेयात फिंगरचं नाव यायला लागलं. सुपरमॅनवाले जेरी सीगल नि जो शुस्टर यांनी तर १९३८ला सगळे हक्क १३० डॉलरला दिले होते, १९७५मध्ये बाकीचे चित्रकार त्यांच्यासाठी उभे राहिले तेव्हा नावं परत आली आणि पेन्शन सुरू झाली.

म्हणजे शॅडोकडनं फिंगरनं घेतलं ते तो बोलून दाखवतो, आणि ज्यानं फिंगरचं घेतलं तो बोलत नाही. माझ्या लेखी फरक इथं आहे, आणि मिसळीच्या टेबलवर मी तोच सांगत होतो. सिनेमात कुठला सीन बदलला यावर तुम्ही दोन तास भांडता, करा, मलाही मजा येते, पण शेवटी श्रेयनामावली वर सरकायला लागली की बरेचजण उठून पार्किंगकडे पळतात. मी बसून राहतो. शेवटच्या सीनसाठी नव्हे, त्यासाठी तर आता बाकीचेही काहीजण थांबतात. बारीक अक्षरात आभार मानलेल्या लेखकांची नि चित्रकारांची नावं येतात, ती मी तोंडातल्या तोंडात वाचतो. भाचा आता माझ्याबरोबर बसतो, मागच्या वेळी त्यानंच एक नाव आधी ओळखलं.

मोठ्या लेखकांचे प्रभाव वगैरे विचारत असाल तर तेही असंच. फ्रँक मिलरनं १९८६ला म्हाताऱ्या बॅटमॅनची गोष्ट लिहिली, त्याच्यावर एका जपानी कॉमिकचा (तिकडे मांगा म्हणतात), पोराला गाड्यावर घालून फिरणाऱ्या सामुराईच्या गोष्टीचा ठसा आहे आणि विल आइस्नर या जुन्या कॉमिक चित्रकाराचाही, आणि मिलर ते उघड सांगतो. अॅलन मूरनं त्याच सुमारास वॉचमेन हे कॉमिक लिहिलं, त्यातली पात्रं आधी चार्ल्टन कंपनीच्या जुन्या सुपरहिरोंवर बेतायची होती, परवानगी मिळेना म्हणून बदलली, आणि बदलली म्हणून जास्त चांगली झाली असं माझं मत. यावर वेगळं लिहीन कधीतरी, मूरवर माझी मतं जरा तिखट आहेत.

राहिला तो ताईंचा मुलगा. त्याला मी हे काहीएक सांगितलं नाही, दहा वर्षांचं पोर. त्याला फ्रीझचा भाग लावून दिला. संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, काका, पण तो व्हिलन आहे ना? मी म्हटलं, हो. मग म्हणाला, परत लावा.

तेव्हा सुरुवात कुठनं करू असं ज्यांनी विचारलंय त्यांनी तिथनं करा, हार्ट ऑफ आइस. नंतर १९४१चं सुपरमॅनचं पहिलं कार्टून, दहा मिनिटांचं आहे. मग स्पायडर-व्हर्स, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर. कॉमिक्स माझ्याकडे आहेत, वेताळाचे जुने अंकही आहेत, रविवारी दुपारी चारनंतर मी घरीच असतो. फक्त इथं बसून वाचायचं, घरी न्यायला देत नाही, पानं सुटायला लागलीत. भिंग देतो.